चिकन-भातात काय नसतं

तीन दिवसांचा सल्ला आम्ही चौदा महिने पाळला.

झालं असं, की सख्याचं पोट बिघडलं. सख्या म्हणजे म्हात्रे पुलाखाली सापडलेलं आमचं गावठी पिल्लू, आता ४ वर्षांचा आणि १८ किलोंचा गडी. डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन दिवस नुसतं उकडलेलं चिकन आणि मऊ भात द्या." दिला. पोट ताळ्यावर आलं. शिवाय एरवी गोळ्यांच्या वाटीकडे ढुंकूनही न बघणारा हा प्राणी ताटली चाटूनपुसून लख्ख करायला लागला. आम्ही खूश. पाकिटातल्या कोरड्या गोळ्यांपेक्षा घरचं ताजं अन्न केव्हाही चांगलं, त्यात विचार कसला करायचा? गोळ्या बंद झाल्या, कुकर सुरू झाला.

वर्ष उलटल्यावर त्याचे केस राठ दिसायला लागले. मग कोपरांवर आणि ओठांच्या कडेनं खपल्या धरल्या. डॉक्टरांनी विचारलं, काय खातो? मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "घरचंच! चिकन, भात, गाजर, लाल भोपळा. तिखट नाही, मसाला नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि यात कॅल्शियम कुठून येतं?"

"चिकनमधून?" मी म्हटलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं आणि वजनकाट्यावर मोजलं, ते इथे सांगते. कुत्र्याचा स्वयंपाक घरी करू नका, असं मी म्हणत नाहीये. सख्या आजही घरचंच जेवतो. पण अन्न सकस असणं वेगळं आणि पुरेसं असणं वेगळं, हे मला चौदा महिने कळलं नव्हतं.

आपलंच ताट बघा. सोमवारी मेथी, मंगळवारी मटकीची उसळ, मध्येच नाचणीची भाकरी, रोज दही, चटणीत तीळ, खोबरं, शेंगदाणे. एका जेवणात जे राहिलं ते आठवड्याभरात कुठून तरी पोटात जातं. आपण हिशेब करत नाही, कारण आपल्या आज्या-पणज्यांनी तो चवीच्या निमित्तानं करून ठेवलाय. कुत्र्याच्या ताटात मात्र रोज तेच दोन पदार्थ. त्यात जे नाही, ते वर्षाचे ३६५ दिवस नाही.

आता कॅल्शियमचा हिशेब, कारण खरी मेख तिथे आहे. सख्याचं एका दिवसाचं जेवण असं असतं: बिनहाडाचं, कातडी काढलेलं चिकन ३५० ग्रॅम, कोंबडीची कलेजी २५ ग्रॅम, तांदूळ १०० ग्रॅम, लाल भोपळा १०० ग्रॅम आणि २ चमचे सूर्यफुलाचं तेल. वजनं सगळी कच्च्याची. बघायला काय झकास ताट आहे! पण १०० ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस असतो साधारण १८० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम १०. सगळ्या ताटाची बेरीज केली, तर फॉस्फरस ८५० मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम ७५. कुत्र्याला हवं असतं उलट: कॅल्शियम फॉस्फरसइतकं तरी किंवा त्याहून थोडं जास्त, फार तर दुप्पट. अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेचं, म्हणजे आफ्कोचं, प्रौढ कुत्र्यासाठीचं प्रमाण दर १००० कॅलरीमागे किमान १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम असं आहे. सख्याच्या ९०० कॅलरींना सव्वाअकराशे लागतं. त्याला मिळत होतं पंचाहत्तर.

मग इतके महिने तो धडधाकट पळत कसा होता? रक्ताचा रिपोर्टही नॉर्मल कसा आला?

घराचा खर्च पगारात भागेना की माणूस काय करतो, मुदत ठेव मोडतो. शरीरही तेच करतं. हृदय, स्नायू, नसा यांना रक्तात ठरावीक कॅल्शियम लागतंच, तिथे उधारी चालत नाही. ते कमी पडायला लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड नावाच्या चिमुकल्या ग्रंथी हाडांना हुकूम सोडतात: काढा इकडे. हाडं ही शरीराची ठेव. ती थोडी थोडी मोडून रक्ताचं खातं भरलं जातं. रिपोर्टवर दिसतं ते खातं, ठेव दिसत नाही. वाढत्या पिल्लाकडे मुळात ठेवच तुटपुंजी, म्हणून त्याची हाडं काही आठवड्यांत वाकतात, साध्या उडीत मोडतात. मोठ्या कुत्र्यात हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं कळत नाही. फार झालं तर जबड्याचं हाड इतकं मऊ पडतं, की त्या अवस्थेला इंग्रजीत रबरी जबडा म्हणतात.

यावरचा उपाय आपण रोज कचऱ्यात टाकतो. अंड्याचं टरफल म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यात फॉस्फरस नावालाच असतो, त्यामुळे मांसाशी त्याची जोडी चांगली जमते. एका टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम. मी टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळते, उन्हात कडकडीत वाळवते आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवते. एकदा फिरवून भागत नाही. बोटांच्या चिमटीत धरून बघायचं. रवाळ लागलं तर परत फिरवायचं, पिठीसाखरेसारखं होईपर्यंत. झाकण लगेच उघडू नका, पांढरा धुरळा थेट नाकात जातो. ही पूड रोज ३ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडी जास्त. तेवढ्यानं ताटात अकराशे-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम येतं आणि गणित बसतं. चमच्यापेक्षा काटा बरा. दागिन्यांच्या वजनाचा छोटा काटा मिळतो, तो घ्या.

माझी अपेक्षा होती की टरफलांनी प्रश्न सुटेल. नाही सुटला. त्या खपल्यांचा संबंध कॅल्शियमशी नव्हताच, डॉक्टरांना संशय होता जस्ताचा, म्हणजे झिंकचा. वरच्या ताटात झिंक गरजेच्या निम्म्याच्या आसपासच भरतं. आयोडीनची तर मोठी गंमत आहे. कुणीतरी म्हणालं, चिमूटभर आयोडीनवालं मीठ घाल. घातलं असतं, पण दुकानातल्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे, म्हणजे एका ग्रॅममध्ये १५ मायक्रोग्रॅम. सख्याला रोज लागतात २०० च्या आसपास. ते मिठातून द्यायचं तर रोज १३ ग्रॅम मीठ, दोन चमच्यांच्या वर! आपल्या आमटीतही कुणी इतकं घालत नाही.

ड जीवनसत्त्वाबद्दल माझा ठाम गैरसमज होता. सख्या दिवसाचे चार तास गॅलरीत उन्हात पडून असतो, त्याला ड जीवनसत्त्व कमी कसं पडेल? पडतं. आपल्या कातडीला उन्हातून ते बनवता येतं, कुत्र्याच्या कातडीला पुरेसं बनवता येत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. त्याची भरपाई म्हणून की काय, क जीवनसत्त्व मात्र तो स्वतःच्या यकृतात तयार करतो. तेव्हा त्याला मोसंबी-आवळा भरवण्याची गरज नाही. ड जीवनसत्त्वासाठी अंड्याचा बलक आणि तेलकट मासा कामाला येतात. आठवड्यातून एक-दोनदा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून तारली किंवा बांगडा आणते, उकडते, काटे काढते. त्यातलं ओमेगा-३ केसांनाही चांगलं. फक्त घरभर जो वास सुटतो, त्याची शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी.

तेलाचंही तसंच. कुत्र्याला लिनोलिक आम्ल नावाचं एक मेदाम्ल बाहेरूनच घ्यावं लागतं. ते सूर्यफुलात भरपूर, शेंगदाण्यात बऱ्यापैकी, खोबरेलात अगदीच थोडं. "खोबरेल सगळ्यावर औषध" हा सल्ला बागेत फिरायला येणाऱ्या दहापैकी सहा जण देतात. द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

हे माझंच अज्ञान होतं असंही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या, इंटरनेटवरच्या, काही पशुवैद्यकांनी लिहिलेल्यासुद्धा. त्यातल्या ९५ टक्के कृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला, आणि बहुतेकांत एकाहून जास्त. "आज हे, उद्या ते, फिरवून फिरवून द्या म्हणजे भरून निघेल" हा दिलासाही टिकला नाही, कारण बऱ्याच कृतींत कमी पडणारे घटक तेच ते होते.

म्हणून माझं मत असं झालंय: मांस, भात, भाजी हे आपण करायचं आणि बारीकसारीक खनिजं-जीवनसत्त्वं यांची पूड वेगळी घ्यायची. पण ती घरच्या जेवणाला पूर्ण करण्यासाठीच बनवलेली हवी. औषधांच्या दुकानात जनावरांच्या टॉनिकच्या बाटल्या मिळतात, त्या म्हणजे ही नव्हे. त्यात दोन-चार जीवनसत्त्वं आणि भरपूर गोडवा असतो. आणि पुडीत कॅल्शियम आधीच असेल तर माझी टरफलं बंद, दोन्ही एकदम नाही. पाककृती एकदा जनावरांच्या आहाराचं शिक्षण घेतलेल्या पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावी. फी द्यावी लागते. त्वचेच्या औषधांवर मी जे घालवलं, त्याहून ती कमी होती.

आमच्या घरात या सगळ्याला विरोध झाला तो सासूबाईंचा. "अगं, आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यातली कुत्री उरलंसुरलं खाऊनच जगली की! कोण मोजत होतं?" मुद्दा बिनतोड वाटतो खरा. मी म्हटलं, "आई, ती कुत्री नुसतं उरलंसुरलं कुठे खायची? उंदीर, घुशी, खाटकाच्या दारातली आतडी-हाडं, काय काय तुम्हाला दिसतच नव्हतं." आणि किती वर्षं जगायची, हे विचारल्यावर त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "पण पोळीचा तुकडा द्यायचाच. नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले होते कुत्र्यामागं." आता संतांपुढे माझं कॅलरीचं कोष्टक काय टिकणार?

तरी ते सांगतेच. कुत्र्याला रोज किती कॅलरी लागतात, हे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढता येतं. किलोमधलं वजन तीनदा मांडून गुणायचं, आलेल्या उत्तराचं दोनदा वर्गमूळ काढायचं आणि ७० नं गुणायचं. १८ गुणिले १८ गुणिले १८ म्हणजे ५८३२, पहिलं वर्गमूळ ७६.४, दुसरं ८.७, गुणिले ७० म्हणजे ६१२. ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ नं गुणतात: ९७९. हा अंदाज, आज्ञा नव्हे. सख्या आळशी, त्याला ९०० पुरतात. खरी परीक्षा हातानं करायची. बरगड्यांवरून तळवा फिरवला की त्या हलक्या दाबानं बोटांना लागल्या पाहिजेत, आणि वरून बघताना कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बरगड्या शोधाव्या लागल्या तर भात कमी करा, चिकन नको. लॅब्रॅडॉरवाल्यांची मला कीव येते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरांत भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. ते बिचारे नाटक करत नाहीत, त्यांना खरंच भूक लागलेली असते.

जेवणाशिवायचा वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवायचा. सख्यासाठी ९०. तूप लावलेली एक पोळी शंभराच्या वर जाते. तेव्हा आमच्याकडे तह झाला तो चतकोरावर.

भात-पोळी मुळात कुत्र्याला पचत नाही, तो मांसाहारी लांडगाच, असं सांगणारेही भेटतात. ते अर्धंच खरं आहे. २०१३ मध्येच स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की पिष्ट पचवणारं विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात आणि कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. हजारो वर्षं आपल्या उकिरड्यावर पोसल्यावर त्याचं पोट आपल्यासारखं वळलं. भात मात्र मऊ शिजलेला हवा.

शाकाहारी घरांचं काय, हा पुण्यातला रास्त प्रश्न. अंडी, पनीर, दही यांवर प्रौढ कुत्रा नीट राहू शकतो, फक्त हिशेब आणखी काटेकोर लागतो. तीन अंडी आणि १०० ग्रॅम पनीर म्हणजे ३५-३७ ग्रॅम प्रथिनं, ती १८ किलोच्या कुत्र्याच्या किमान गरजेच्या जवळ जातात. अंडं उकडूनच द्या. नुसत्या वरण-भातावर मात्र नाही. डाळीत मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, आणि त्यातूनच कुत्रा हृदयाला लागणारं टॉरिन तयार करतो. मांजर असेल तर विषयच संपला, तिला मांस लागतंच.

विषारी पदार्थांच्या याद्या सगळीकडे सापडतात, त्यातलं चॉकलेट आता सगळ्यांना माहीत आहे. आपल्या स्वयंपाकघरातला धोका वेगळा आहे आणि तो फोडणीपासून सुरू होतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो. शरीराच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा गंभीर त्रास द्यायला पुरतो. कांदाभज्याचा एक तुकडा पळवला म्हणून १८ किलोच्या कुत्र्याला घेऊन धावत सुटू नका. पण रोज रस्सा कालवून भात देत असाल तर ते साठत जातं, आणि लसूण कांद्याहून जहाल. त्याचं चिकन आधी बाजूला काढायचं, मग कांदा परतायचा, इतकं सोपं आहे ते. पाकिटातल्या सूपच्या आणि चिकन-स्टॉकच्या वड्यांतही कांदा-लसणाची पूड असते.

द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यानं काही होणार नाही असा आकडा नाही. फेब्रुवारीत हातगाड्या द्राक्षांनी भरतात तेव्हा फिरायला नेताना रस्त्याकडे लक्ष ठेवा. शिऱ्यातल्या, लाडवातल्या मनुकाही त्यातच आल्या. याचं कारण बरीच वर्षं कळत नव्हतं. आता बोट दाखवलं जातं ते टार्टारिक आम्लाकडे, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. परदेशी याद्यांत चिंच सहसा नसते, कारण त्यांच्याकडे आमटी नसते. आपल्याकडे चिंचगुळाची आमटी आहे, पंचामृत आहे, आणि सारसबागेबाहेर चिंचेच्या पाण्यानं ओथंबलेला भेळेचा कागद चाटायला सगळी कुत्री टपलेली असतात.

मटणाची शिजलेली नळी देऊ नका, शिजलेलं हाड चिरफळतं आणि आतड्यात रुततं. मटणाची चरबी कापून टाका, एकदम जास्त चरबी गेली तर स्वादुपिंडाला सूज येते. कलेजी कितीही आवडली तरी प्रमाणातच. अ जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि अति झालं तर हाडांना इजा करतं.

माझी पद्धत रविवारी सकाळची. तीन दिवसांचं एकदम शिजवते, त्याहून जास्त केलं तर डबे फ्रीझरमध्ये. चिकन आणि भोपळा थोड्या पाण्यात दोन शिट्ट्या, भात वेगळा, आणि उकडलेलं पाणी फेकायचं नाही, ते भातातच. तेल, टरफलाची किंवा खनिजांची पूड हे गार झाल्यावर ताटलीत. गोळ्यांवरून घरच्या जेवणावर येताना आठ-दहा दिवस घ्या, आधी पाव भाग, मग अर्धा, मग पाऊण.

आणि पिल्लू असेल, त्यातून जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेनसारखं मोठ्या जातीचं, तर वर्ष-दीड वर्ष हे काहीही करू नका. त्यांना कॅल्शियम कमी पडलं तरी हाडं बिघडतात आणि जास्त झालं तरी बिघडतात. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेल्या कुत्र्यालाही माझं हे ताट चालणार नाही.

सख्याच्या खपल्या पुडी सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांत गेल्या. केस अजून पूर्वीइतके चमकत नाहीत, पण हात फिरवताना खरखर लागत नाही. सासूबाई आता अंडी फोडली की टरफलं स्वतःच पाण्यात टाकून ठेवतात. चतकोर पोळी मात्र दिवसेंदिवस मोठी होत चालली आहे, काल मी ती काट्यावर ठेवली तर अर्ध्या पोळीइतकी भरली.